स्थानिक मालवाहतुकीचा ट्रकचालक होताना: परवान्यापासून पहिल्या काही महिन्यांपर्यंत

स्थानिक मालवाहतूक म्हणजे दिवसाच्या सुरुवातीला गोदामातून माल भरून निघायचे, ठरलेल्या परिसरातील दुकाने, कारखाने, बांधकामे किंवा छोटी गोदामे येथे तो पोहोचवायचा आणि त्याच दिवशी गाडी परत जागेवर आणून लावायची, असे काम. लांब पल्ल्याच्या चालकाचा बहुतेक वेळ महामार्गावर जवळपास एकसारख्या वेगात जातो. स्थानिक चालकाचा दिवस मात्र चौक, अरुंद रस्ते, गाडी मागे घेणे, फाळका उघडणे, माल मोजून देणे आणि पावतीवर सही घेणे यांत विभागलेला असतो. या कामात येऊ इच्छिणाऱ्याने म्हणूनच एक गोष्ट आरंभीच ओळखावी, ती ही की येथील खरे कसब माणसाच्या चालण्याच्या वेगात किंवा गाडी उभी असताना लागते. ट्रक वेगात नीट चालवता येतो म्हणून कोणी चांगला स्थानिक चालक ठरत नाही. तो गाडी कशी थांबवतो, कशी वळवतो, कशी मागे घेतो आणि माल कसा सांभाळतो यावर त्याची पारख होते. शिकण्याचा वेळ आणि श्रम कोठे खर्च करायचे, हेही त्यावरूनच ठरते.

कामाचा प्रकार आधी निवडावा

परवान्यासाठी अर्ज करण्यापूर्वी आपण कोणत्या प्रकारच्या गाडीवर काम करणार आहोत याचा अंदाज घ्यावा, कारण प्रशिक्षण आणि परवान्याचा वर्ग त्यावर अवलंबून असतो. बंद बॉडीच्या ट्रकमधून खोकी पोहोचवण्याच्या कामात थांबे पुष्कळ असतात आणि चढउतर, ओढणे, उचलणे ही मेहनत सर्वांत जास्त पडते. खडी, वाळू किंवा माती वाहणाऱ्या टिपरवर हाताने उचलण्याचे काम कमी असते, पण हौदा वर उचलताना जमीन सपाट आहे का आणि डोक्यावर विजेची तार आहे का हे प्रत्येक खेपेला पाहावे लागते. टँकरमध्ये अर्धवट भरलेला द्रव ब्रेक लावल्यावर पुढे उसळतो आणि गाडी थांबत आली असतानाही तिला ढकलतो, त्यामुळे तेथे वेगळे प्रशिक्षण लागते. शीतवाहनात तापमान सांभाळणे हा चालकाच्या जबाबदारीचाच भाग असतो. गोठवलेला माल साधारणपणे उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवावा लागतो आणि दार जितका वेळ उघडे राहते तितका तो धोक्यात येतो. नव्याने येणाऱ्यासाठी दोन आसांचा (अ‍ॅक्सलचा), बंद बॉडीचा, मध्यम वजनाचा ट्रक ही सुरुवात मला सर्वांत योग्य वाटते, कारण त्यात चालवणे, माल बांधणे, मागे घेणे आणि कागदपत्रे या चारही गोष्टींचा सराव रोज होतो आणि चूक झाली तरी ती सावरण्याइतकी गाडी आटोपशीर असते.

परवाना

परवान्याचे नियम देशागणिक वेगळे असले तरी त्यांची मांडणी एकाच तत्त्वावर असते, ती म्हणजे गाडीचे माल आणि माणसांसह कमाल परवानगीयोग्य वजन. हे एकूण वजन गाडीच्या पाटीवर आणि नोंदणीच्या कागदावर लिहिलेले असते. गाडी रिकामी असली तरी परवान्यासाठी हेच वजन धरले जाते, ही गोष्ट नवख्यांच्या लक्षात पुष्कळदा येत नाही.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार परिवहन वाहन चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि अशा वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यासाठी हलक्या मोटार वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो. एकूण ७,५०० किलोपर्यंतचे वाहन हलके समजले जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला या वजनमर्यादेतील मालवाहू वाहनही स्वतंत्र नोंदीशिवाय चालवता येते. युरोपीय संघात ३.५ टनांच्या वर ‘सी’ वर्ग सुरू होतो आणि ३.५ ते ७.५ टनांसाठी ‘सी-१’ हा उपवर्ग आहे. व्यावसायिक चालकाला तेथे दर पाच वर्षांनी ३५ तासांचे उजळणी प्रशिक्षणही घ्यावे लागते. अमेरिकेत २६,००१ पौंड, म्हणजे सुमारे ११,८०० किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या एकसंध ट्रकसाठी ‘क्लास बी’ आणि जड ट्रेलर ओढण्यासाठी ‘क्लास ए’ परवाना लागतो. ७ फेब्रुवारी २०२२ पासून हे परवाने प्रथमच घेणाऱ्यांना नोंदणीकृत संस्थेतून ठरावीक प्रशिक्षण घेणे तेथे बंधनकारक आहे.

परीक्षा कोणत्या गाडीवर द्यायची याचाही विचार करावा. अमेरिकेत एअर ब्रेक नसलेल्या किंवा स्वयंचलित गिअरच्या गाडीवर परीक्षा दिल्यास परवान्यावर तसे बंधन लिहिले जाते आणि पुढे काम मिळण्याची व्याप्ती कमी होते. असे बंधन जेथे नसते तेथेही, ज्या प्रकारच्या गाडीवर काम करायचे त्याच प्रकारच्या गाडीवर शिकणे शहाणपणाचे आहे, कारण मालक पहिल्या दिवशी परवाना पाहतो आणि दुसऱ्या दिवशी हात पाहतो.

वैद्यकीय तपासणी आणि झोप

व्यावसायिक परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी बहुतेक ठिकाणी आवश्यक असते. तिच्यात दृष्टी, श्रवण, रक्तदाब, मधुमेह आणि फिट येण्याचा पूर्वेतिहास पाहिला जातो. चष्मा लागत असेल तर तो आताच करून घ्यावा आणि एक जादा चष्मा गाडीत ठेवावा. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि पुरेसे झोपूनही दिवसभर पेंग येणे अशी लक्षणे असतील तर ती डॉक्टरांपासून लपवू नयेत. झोपेतील श्वासरोधावर उपचार होतो आणि उपचारानंतर काम करता येते. उपचाराविना मात्र तो चालकासाठी फार घातक असतो.

स्थानिक कामात रोज घरी झोपायला मिळते म्हणून थकव्याचा प्रश्न नाही, असा समज आढळतो आणि तो चुकीचा आहे. गोदामे लवकर सुरू होत असल्यामुळे चालकाला पहाटे उठावे लागते, आणि रात्री वेळेवर न झोपल्यास पाच तासांच्या झोपेवर दिवसभराचे काम करण्याची वेळ येते. ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी खालावते. पहाटे साडेतीनला उठलेला चालक रात्री साडेआठला गाडी चालवत असेल तर तो नेमका त्या स्थितीत असतो. म्हणून उठण्याची वेळ ठरली की झोपण्याची वेळही तितक्याच काटेकोरपणे ठरवावी आणि घरच्यांनाही ती सांगून ठेवावी.

कामाच्या तासांची मर्यादा कायद्याने घातलेली असते आणि ती आपल्या रक्षणासाठी आहे. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यानंतर ४५ मिनिटांची विश्रांती आणि दिवसाला सामान्यतः ९ तासच चालवण्याची मुभा असते. अमेरिकेत मालवाहू चालकाला १४ तासांच्या कामाच्या चौकटीत ११ तास चालवता येते. अल्प पल्ल्याच्या चालकांना, म्हणजे १५० हवाई मैलांच्या, सुमारे २७८ किलोमीटरच्या परिघात राहून १४ तासांत परतणाऱ्यांना, तेथे तपशीलवार नोंदवहीतून सूट आहे. ही सूट नोंदीपुरतीच आहे, तासांच्या मर्यादेतून नव्हे.

गाडी समजून घ्यावी

मोटार चालवण्याचा अनुभव उपयोगी पडतो, परंतु जड ट्रकचे तीन गुणधर्म त्या अनुभवात बसत नाहीत आणि ते मुद्दाम शिकावे लागतात.

पहिला गुणधर्म एअर ब्रेकचा. इंजिनवर चालणारा कंप्रेसर हवा दाबून टाक्यांमध्ये भरतो आणि पॅडल दाबल्यावर ती हवा चाकांपर्यंत जाऊन ब्रेक लावते. टाक्यांतील दाब साधारण १०० ते १२५ पीएसआयच्या (पीएसआय हे दाब मोजण्याचे एकक) दरम्यान राहतो, आणि तो सुमारे ६० पीएसआयपर्यंत उतरला की धोक्याचा दिवा किंवा भोंगा सुरू होतो. दाब आणखी घसरल्यास पार्किंग ब्रेकच्या स्प्रिंगा आपोआप बसतात आणि गाडी जागीच जखडते. भोंगा वाजला म्हणजे ‘पुढच्या थांब्यावर पाहू’ असे म्हणण्यास वाव नसतो, गाडी लगेच सुरक्षित जागी घ्यावी लागते. हवेला चाकापर्यंत पोहोचण्यास सुमारे अर्धा सेकंद लागत असल्याने थांबण्याचे अंतर वाढते, हेही लक्षात ठेवावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चालकाच्या दीड सेकंदाच्या प्रतिसादात सुमारे २५ मीटर आणि हवेच्या विलंबात आणखी ८ मीटर पुढे जाते. त्यानंतर ब्रेक लागून, कोरड्या रस्त्यावर आणि ब्रेक चांगले असताना, ती साधारण २८ मीटरवर थांबते. एकूण अंतर ६० मीटरांच्या वर जाते. हाच वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर सगळे मिळून सुमारे २४ मीटर लागतात. शाळेजवळून किंवा गर्दीच्या रस्त्यातून जाताना वेग निम्मा करण्याने किती फरक पडतो, ते या दोन आकड्यांवरून कळते.

दुसरा गुणधर्म वळण्याचा. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतल्या बाजूने कापत जातात, आणि पुढच्या व मागच्या आसांतील अंतर जितके जास्त तितके ती अधिक आत येतात. त्याच वेळी मागच्या आसाच्या मागे उरलेला हौद्याचा भाग बाहेरच्या बाजूला झुलतो. म्हणजे चालक आतल्या कोपऱ्यावरच्या खांबाकडे पाहत असताना गाडीचा मागचा कोपरा बाहेरच्या बाजूला उभ्या असलेल्या मोटारीला लागू शकतो. मोकळ्या मैदानावर शंकू ठेवून, उतरून, चाकांच्या खुणा जमिनीवर पाहत केलेला सराव यासाठी सर्वांत उपयोगी ठरतो. आपल्या गाडीची मागची चाके कोठून जातात हे एकदा डोळ्यांत बसले की चौकात घाई होत नाही.

तिसरा गुणधर्म न दिसणाऱ्या जागांचा. केबिनच्या अगदी पुढे, गाडीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना, विशेषतः चालकापासून दूरच्या बाजूला, असे पट्टे असतात जेथे उभा असलेला माणूस आरशांत दिसत नाही. दूरच्या बाजूला वळताना शेजारून येणारा सायकलस्वार चिरडला जाणे हा शहरांतील जड वाहनांच्या अपघातांचा अत्यंत दुःखद प्रकार आहे. लंडनमध्ये याच कारणाने १२ टनांवरील ट्रकच्या केबिनमधून थेट किती दिसते याचे मोजमाप करून परवाना देण्याची पद्धत लागू झाली, १ मार्च २०२१ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे निकष आणखी कडक झाले. प्रशिक्षणाच्या काळात एखाद्या सहकाऱ्याला गाडीभोवती हळूहळू चालायला सांगावे आणि स्वतः आसनावर बसून तो कोठे दिसेनासा होतो ते पाहावे. त्यानंतर जागा बदलून आपण स्वतः त्या पट्ट्यांत उभे राहावे. आरसे कितीही मोठे असले तरी वळण्यापूर्वी थांबून, थोडे पुढे झुकून, पुन्हा एकदा पाहण्याची सवय सोडू नये.

उताराबद्दल एवढेच सांगणे पुरेसे आहे की गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच खाली घ्यावा, वेग इंजिनाच्या ओढीने धरून ठेवावा आणि ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत, कारण तापलेल्या ब्रेकची पकड कमी होत जाते.

निघण्यापूर्वीची तपासणी

तपासणीचा क्रम रोज एकच ठेवावा. केबिनपासून सुरुवात करून गाडीला एक पूर्ण फेरी मारून पुन्हा केबिनशी यावे, म्हणजे काही राहून जात नाही. तेल, पाणी, दिवे, आरसे आणि वायपर यांना फार वेळ लागत नाही. वेळ द्यायचा तो टायर, चाकाचे नट आणि हवेची गळती यांना. टायरमधील हवा गाडी चालण्यापूर्वी, टायर थंड असतानाच मोजावी. जोडटायरमध्ये आतला टायर हवा जाऊन बसलेला असला तरी बाहेरचा टायर भार पेलत राहतो आणि दोष लपून राहतो, म्हणून आतला टायर हात घालून किंवा गेज लावून स्वतंत्रपणे पाहावा आणि दोन टायरांच्या मध्ये दगड अडकलेला नाही ना तेही पाहावे. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसत असतील तर तो नट सैल झाल्याचे चिन्ह समजावे. चाक बदलल्यानंतर थोडे अंतर चालवून नट पुन्हा ठरलेल्या दाबाने आवळावे लागतात, हे ज्याने चाक बदलले त्याच्यावर सोडून देऊ नये. इंजिन बंद केल्यावर टाकीतील हवेचा दाब भराभर उतरू लागला तर कोठेतरी गळती आहे असे समजून गाडी बाहेर काढू नये.

दोष आढळला तर तो तोंडी न सांगता लिहून द्यावा आणि त्याची प्रत किंवा छायाचित्र स्वतःजवळ ठेवावे. नव्या चालकाला ‘आजचा दिवस चालवून घे’ असे सांगितले जाण्याची शक्यता असते. अशा वेळी ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि दिवे या बाबतींत नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा, कारण रस्त्यावर गाडी ताब्यात असते ती चालकाच्या.

माल भरणे आणि बांधणे

या भागाकडे प्रशिक्षणात पुरेसे लक्ष दिले जात नाही असे माझे मत आहे, आणि म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. माल भरण्याचे काम दुसऱ्याने केले असले तरी रस्त्यावर सुटलेल्या मालाचा जाब बहुधा चालकालाच विचारला जातो.

प्रथम वजन पाहावे. एकूण वजन मर्यादेत असणे पुरेसे नाही, प्रत्येक आसावरील वजनही मर्यादेत असावे लागते. सगळा जड माल मागे ठेवला तर मागचा आस जादा दाबला जातो आणि पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड कमी होते. सगळा पुढे ठेवला तर पुढचा आस मर्यादेबाहेर जातो. स्थानिक कामात यात आणखी एक गुंता असतो. पहिल्या थांब्याचा माल दाराजवळ असावा म्हणून भरण्याचा क्रम उलटा ठेवतात, आणि एकेक थांबा होत गेला की मागचा भाग रिकामा होऊन सगळे वजन पुढे साचते. सकाळी मर्यादेत असलेली गाडी दुपारी एकूण हलकी असूनही पुढच्या आसावर मर्यादेबाहेर गेलेली असू शकते. उरलेला माल मध्येच थोडा मागे सरकवून पुन्हा बांधावा लागतो, आणि त्यासाठी वेळ धरूनच दिवसाचा कार्यक्रम आखावा.

उंची हा दुसरा मुद्दा. जड माल खाली आणि हलका वर हा नियम सर्वांना ठाऊक असतो, तरी जागेच्या अडचणीत तो मोडला जातो. गुरुत्वमध्य वर गेला की चक्राकार चौकात किंवा महामार्गावरून खाली उतरणाऱ्या वळणावर, चालकाला फारसे जाणवण्यापूर्वीच गाडी कलू लागते.

आता बांधणी. मालाचे वजनच त्याला जागेवर धरून ठेवील ही कल्पना सोडून द्यावी. युरोप आणि अमेरिका या दोन्हीकडील नियमांचा आधार असा आहे की जोराचा ब्रेक लागल्यावर मालावर पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या ८० टक्के इतका, आणि बाजूला व मागे ५० टक्के इतका जोर येऊ शकतो, असे धरून बांधणी करावी. १,००० किलोची पेटी ब्रेक लागताच ८०० किलोच्या जोराने केबिनकडे येऊ पाहते, असा त्याचा अर्थ. म्हणून माल पुढच्या भिंतीला टेकवून, मध्ये मोकळी जागा न ठेवता भरावा, आणि जागा राहिलीच तर ती रिकाम्या पॅलेटने (माल रचण्याच्या लाकडी चौकटीने) किंवा हवेच्या पिशव्यांनी भरून काढावी. पट्ट्यांवर त्यांची सुरक्षित भारक्षमता लिहिलेली असते आणि अमेरिकेतील नियमानुसार सर्व पट्ट्यांच्या भारक्षमतेची बेरीज मालाच्या वजनाच्या किमान निम्मी असावी लागते. ज्या पट्ट्यावरचा हा मजकूर पुसला गेला आहे, ज्याची कड फाटली आहे किंवा ज्याला गाठ मारलेली आहे तो पट्टा वापरू नये. धारदार कोपऱ्यावर संरक्षक तुकडा ठेवावा. मालाखाली रबराची खडबडीत चटई टाकली तर घर्षण वाढते आणि कमी पट्ट्यांत अधिक भक्कम बांधणी होते. या साध्या वस्तूचा उपयोग अधिक व्हायला हवा.

थोडे अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा तपासावेत, कारण धक्क्यांनी माल बसतो आणि ताण सैल पडतो. प्रत्येक थांब्यावर माल उतरवल्यानंतर उरलेल्या मालाची बांधणी नव्याने करणे हा स्थानिक चालकाच्या कामाचा भागच आहे. पुढचा थांबा जवळ आहे म्हणून ती टाळू नये, ब्रेक त्या थोड्या अंतरातही लावावा लागू शकतो.

मार्ग आणि उंची

मोटारीसाठी बनवलेला नकाशा ट्रकला थेट वापरता येत नाही. कमी उंचीचे पूल, वजनमर्यादेचे पूल, ठरावीक वेळी जड वाहनांना बंद असणारे रस्ते आणि वळायला जागा नसलेल्या गल्ल्या त्यात दिसतीलच असे नाही. आपल्या गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि एकूण वजन एका कागदावर लिहून समोरच्या काचेजवळ, नजरेत येईल असे चिकटवावे. माल उतरवल्यावर पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, वर उचलले जातात आणि रिकामी गाडी भरलेल्या गाडीहून थोडी उंच होते, म्हणून जाताना ज्या कमानीखालून जेमतेम निघालो तिच्याखालून परतताना निघूच असे धरू नये. अमेरिकेतील डरहॅम येथील एक रेल्वेपूल ११ फूट ८ इंच उंचीसाठी कुप्रसिद्ध होता. इशारे, दिवे आणि फलक असूनही ट्रकचे छत तेथे वारंवार सोलले जाई, आणि २०१९ मध्ये तो पूल ८ इंच उचलल्यावरही धडका पूर्णपणे थांबल्या नाहीत. स्वतःच्या गाडीची उंची चालकाला ठाऊक नसेल तर फलकावरच्या आकड्याचा त्याला काहीच उपयोग होत नाही.

नव्या पत्त्यावर जाण्यापूर्वी उपग्रहाच्या चित्रात तेथील प्रवेशद्वार, आत वळण्याची जागा आणि माल उतरवण्याचा धक्का पाहून घ्यावा, आणि शक्य असल्यास तेथील माणसाला फोन करून कोणत्या बाजूने यायचे ते विचारावे. दोन मिनिटांचा हा फोन पुष्कळदा बंद गल्लीतून उलटे बाहेर येण्याचा त्रास वाचवतो.

मागे घेणे आणि धक्क्यावरचे काम

नव्या चालकाकडून होणारे नुकसान बहुतांशी गाडी मागे घेताना होते. म्हणून पहिला उपाय हा की मागे घेण्याची गरजच कमी करावी: आत शिरण्यापूर्वीच बाहेर कसे पडणार याचा विचार करावा आणि जागा असेल तेथे गाडी वळवून, तोंड बाहेरच्या दिशेला करून लावावी.

मागे घ्यावीच लागली तर क्रम असा ठेवावा. गाडी थांबवून पार्किंग ब्रेक लावावा, खाली उतरून मागची सगळी जागा चालत पाहावी, केवळ जमिनीवर नव्हे तर वरही पाहावे, कारण छज्जे, तारा आणि फांद्या आरशात दिसत नाहीत. त्यानंतर धोक्याचे दिवे लावून, खिडकी खाली करून, आवाज ऐकत, अगदी हळू मागे यावे. शक्य तेव्हा चालकाच्या बाजूला वळत मागे यावे, म्हणजे मागचा कोपरा स्वतःच्या डोळ्यांना दिसत राहतो. खात्री वाटेनाशी झाली की थांबून पुन्हा उतरून पाहावे, आणि हे दोनदा किंवा तीनदा करावे लागले तरी संकोच करू नये. खाली उभे असलेले लोक घाई करतात, भोंगे वाजतात, पण जाणते चालक उतरून पाहणाऱ्याला कधीही कमी लेखत नाहीत. खुणा करणारा माणूस असेल तर खुणा आधी ठरवून घ्याव्यात, एकाच माणसाच्या खुणा मानाव्यात, आणि तो आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी गाडी थांबवावी.

धक्क्याला गाडी लावल्यानंतर पार्किंग ब्रेक, इंजिन बंद, किल्ली खिशात आणि चाकाखाली ठोकळे, हा क्रम मोडू नये. फोर्कलिफ्ट आत असताना गाडी पुढे सरकणे किंवा माल उतरवणे संपले असे समजून चालकाने गाडी काढणे, यांतून जीव गेलेले आहेत. म्हणून धक्क्यावरील माणसाने स्वतः येऊन ‘झाले’ असे सांगेपर्यंत किल्ली लावू नये. केबिनमधून उतरताना उडी मारू नये. तोंड गाडीकडे करून, दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन सतत टेकलेले ठेवून उतरावे. दिवसातून अनेकदा चढउतर करणाऱ्या चालकाचे गुडघे आणि घोटे यामुळेच टिकतात. हँड पॅलेट ट्रक, म्हणजे पॅलेट हाताने ओढण्याची छोटी गाडी, उतारावर वापरताना मालाच्या खालच्या बाजूला उभे राहू नये, आणि गाडीच्या मागच्या, माल वर-खाली करणाऱ्या उचलपट्टीवर माल ठेवल्यावर तिच्या कडेला पाऊल ठेवायला किती जागा उरते ते आधी पाहावे.

कागदपत्रे आणि ग्राहक

बिल्टी (माल वाहतुकीला दिल्याची पावती), चलान आणि पोहोचपावती हे चालकाच्या प्रामाणिकपणाचे पुरावे असतात. माल ताब्यात घेताना नगांची संख्या स्वतः मोजावी, सीलबंद गाडी असेल तर सीलचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावा, आणि फाटलेली किंवा ओली खोकी दिसल्यास सही करण्यापूर्वीच तशी नोंद कागदावर करून छायाचित्र घ्यावे. सही झाल्यानंतर केलेल्या तक्रारीला फारशी किंमत राहत नाही. आत काय आहे हे पाहता येत नसेल तर ‘सीलबंद स्थितीत मिळाले, आतील माल मोजलेला नाही’ असे लिहावे. भारतात १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सोबत लागणारा ऑनलाइन दाखला, लागू झाले. त्यावरील गाडीचा क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी जुळतो का, हे निघण्यापूर्वी चालकानेही पाहावे, कारण वाटेत गाडी अडवली जाते तेव्हा कागद तयार करणारा तेथे नसतो.

माल देताना घेणाऱ्याचे नाव स्पष्ट अक्षरांत, सही, तारीख आणि वेळ घ्यावी. थांब्यावर किती वेळ ताटकळावे लागले तेही लिहून ठेवावे. उशिराची विचारणा संध्याकाळी होते, आणि तेव्हा आठवणीपेक्षा नोंद अधिक उपयोगी पडते. स्थानिक कामात तेच ग्राहक पुन्हापुन्हा भेटतात. उशीर होणार असेल तर आधी कळवणारा आणि तुटलेला माल स्वतःहून दाखवणारा चालक त्यांच्या लक्षात राहतो, आणि चांगल्या कामाची माहिती अशाच ओळखीतून मिळते.

पहिली नोकरी आणि पहिले महिने

पहिली नोकरी निवडताना केवळ पगार पाहू नये. सोबत अनुभवी चालक किती दिवस देणार, गाडीची देखभाल कोण आणि केव्हा करते, दोष लिहून देण्याची वही आहे का, पगार तासावर आहे की खेपेवर, थांबून राहिलेल्या वेळेचे काय, आणि गाडीच्या नुकसानीची वसुली चालकाकडून होते का, हे प्रश्न नेमणुकीपूर्वी विचारावेत आणि उत्तरे शक्य तर लेखी घ्यावीत. खेपेवर पगार असेल तर घाई करण्याचा मोह पहिल्या दिवसापासून सुरू होतो, म्हणून शिकण्याच्या काळात तासावरचे किंवा महिन्याचे ठरीव वेतन मला अधिक योग्य वाटते. शक्य असल्यास रुजू होण्यापूर्वी गोदामाच्या आवारात जाऊन उभ्या गाड्यांचे टायर आणि मागचे कोपरे पाहून यावेत. तेथील देखभाल आणि तेथील घाई या दोहोंची कल्पना त्यावरून येते. गोदामात मदतनीस म्हणून किंवा चालकासोबत क्लीनर म्हणून काही काळ काढण्याची संधी मिळाली तर ती हलकी समजू नये, कारण मार्ग, धक्के आणि बांधणी यांची ओळख त्यात विनासायास होते.

सुरुवातीच्या दिवसांत एक छोटी वही ठेवावी आणि प्रत्येक पत्त्यासमोर कोणत्या दाराने आत जायचे, धक्क्याची उंची काय, कोणत्या वेळी गर्दी असते, मागे घेताना कोणत्या बाजूला खांब आहे, एवढे लिहावे. सोबतचा चालक जे बोलून दाखवत नाही पण करतो, तेही पाहून लिहावे: तो वळणापूर्वी कोठे थांबतो, कोणता रस्ता टाळतो, माल उतरवण्याआधी कोणाशी बोलतो. एकट्याने गाडी नेण्याची वेळ आली की पहिले काही दिवस कमी थांबे मागून घ्यावेत, आणि ते मागताना लाजू नये. अंगवळणी पडलेल्या मार्गावर गाडी सहज मागे जाऊ लागली आणि दिवसाचे काम वेळेत होऊ लागले की त्या टप्प्यावर ट्रेलरच्या किंवा टँकरच्या वरच्या परवान्याचा विचार सुरू करावा. त्याचे प्रशिक्षण शक्यतो कामावर असतानाच घ्यावे, कारण पुष्कळ मालक आधीपासून ओळखीच्या आणि भरवशाच्या चालकासाठी हा खर्च उचलायला तयार असतात.